टाइमशेअरचे सदस्यत्व घ्यावे की नाही: कुटुंबाने घरी बसून करायचा हिशोब

मॉलमध्ये किंवा मल्टिप्लेक्सच्या बाहेर ‘लकी ड्रॉ’चे कूपन भरून दिले, की आठवड्याभरात फोन येतो. आपली निवड झाली आहे, दोन रात्री आणि तीन दिवसांचे हॉलिडे व्हाउचर तयार आहे, मात्र ते घेण्यासाठी पती-पत्नी दोघांनीही रविवारी अमुक हॉटेलात यायचे आहे, असे सांगितले जाते. दोघांनी यावे हा आग्रह उगीच नसतो. ‘घरी विचारून कळवतो’ असे म्हणून उठण्याची सोय त्यामुळे राहत नाही. तिथे पुढ्यात येणारा प्रस्ताव टाइमशेअरचा, म्हणजे दर वर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क आगाऊ विकत घेण्याचा असतो. तो काही लाखांचा आणि बहुधा पंचवीस वर्षांचा असतो, आणि तो त्याच दिवशी, दोन तासांत स्वीकारावा अशी अपेक्षा असते.

टाइमशेअर म्हणजे फसवणूकच, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे स्टर्लिंग हॉलिडेज १९८६ मध्ये आणि क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये सुरू झाली, आणि इतक्या वर्षांत कित्येक कुटुंबांनी या सदस्यत्वांचा मनापासून उपयोग करून घेतला आहे. परंतु सदस्यत्व परवडेल की नाही हे रिसॉर्टच्या देखणेपणावर ठरत नाही. आपले कुटुंब ज्या आठवड्यांत खरोखर घराबाहेर पडू शकते, त्या आठवड्यांत दर वर्षी किती रात्री प्रत्यक्ष पदरात पडतील, या एका आकड्यावर ते ठरते. हा आकडा कसा काढायचा आणि तो काढल्यावर पुढे काय पाहायचे, ते खाली क्रमाने दिले आहे. हॉटेलातील त्या सादरीकरणाला जाण्यापूर्वीच हे काम उरकलेले बरे.

पहिली पायरी: विकायला काय ठेवले आहे ते समजून घेणे

भारतात जे बहुतेक ठिकाणी विकले जाते, ती मालमत्ता नसते, तर वापराचा हक्क असतो. ठरावीक मुदतीसाठी, दर वर्षी साधारण सात रात्री, कंपनीच्या यादीतील रिसॉर्टमध्ये ठरावीक आकाराच्या खोलीत राहण्याची मुभा आपल्याला मिळते. जमिनीचा किंवा इमारतीचा कोणताही हिस्सा आपल्या नावावर होत नाही, त्यामुळे ‘मुलांसाठी मालमत्ता होईल’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून आले, तर ते कागदावर कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगावे. वारसाकडे सदस्यत्व जाते, पण त्याबरोबर वार्षिक शुल्क भरण्याची जबाबदारीही जाते.

या हक्काची किंमत दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे खोलीचा आकार: स्टुडिओ, एक बेडरूम किंवा दोन बेडरूम. दुसरा म्हणजे हंगाम. क्लब महिंद्राच्या पद्धतीत हंगामांना पर्पल, रेड, व्हाइट आणि ब्लू अशी रंगांची नावे आहेत. पर्पल सर्वांत महाग आणि गर्दीचा, तर ब्लू सर्वांत स्वस्त आणि शांत. इतर कंपन्यांची नावे वेगळी असली, तरी मांडणी साधारण अशीच असते, आणि काहींनी रात्रींऐवजी खोली घेण्यासाठी खर्च करायचे पॉइंट दिलेले असतात. खोलीत किती प्रौढांना आणि किती वर्षांपर्यंतच्या मुलांना राहता येते, हा तपशील आत्ताच विचारून ठेवावा. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा चार-पाच वर्षांत नियमानुसार प्रौढ धरला जाऊ शकतो, आणि मग चौघांसाठी घेतलेला स्टुडिओ चौघांना पुरत नाही.

दुसरी पायरी: मागील पाच वर्षांच्या सहली आठवून लिहिणे

एका कागदावर गेल्या पाच वर्षांत कुटुंबाने एकत्र केलेल्या सहली लिहाव्यात: कुठे गेलो, कोणत्या महिन्यात, किती रात्री बाहेर राहिलो आणि त्यांतल्या किती रात्री हॉटेलात काढल्या. गावाकडचे घर, लग्नकार्ये, देवदर्शनाला जाताना भक्त निवासात काढलेली रात्र, मावशीकडचा मुक्काम हे सारे वगळावे. पुष्कळ घरांत ही यादी वर्षाला तीन-चार रात्रींवर थांबते. ‘सदस्यत्व घेतले की आपोआप जाणे होईल’ हा युक्तिवाद मोहक आहे आणि काही घरांत तो खराही ठरतो, पण रजा, शाळा आणि आजारपणे सदस्यत्वामुळे बदलत नाहीत.

त्यानंतर पुढची वर्षे मांडावीत. महाराष्ट्रातील शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात आणि मग दिवाळीत मिळते. इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत नाताळचे काही दिवस मिळतात. म्हणजे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला जे आठवडे मोकळे असतात, नेमके तेच सर्वांत महाग हंगामाचे असतात, आणि लाखभर रुपये वाचवण्यासाठी घेतलेले स्वस्त हंगामाचे सदस्यत्व अशा कुटुंबाला जवळजवळ निरुपयोगी असते. शिवाय दहावी आणि बारावीची वर्षे वगळावी लागतात. नीटची परीक्षा मे महिन्यात असल्यामुळे विज्ञान शाखेच्या मुलाच्या बारावीतला मे महिना तर हातचा गेलाच. मोठे मूल आठ वर्षांचे असेल, तर ते आपल्याबरोबर हौसेने येईल अशी साधारण दहा वर्षे उरतात. उरलेली पंधरा वर्षे पती-पत्नी दोघेच, कदाचित आईवडिलांना घेऊन, जाणार आहेत का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.

या कागदाखाली एक आकडा लिहावा: पुढील पंचवीस वर्षांत सरासरी दर वर्षी किती रात्री वापरल्या जातील. हा आकडा ठरवताना पती-पत्नींनी आधी वेगवेगळा लिहावा आणि मग ताडून पाहावा. बहुतेकदा तो सारखा नसतो, आणि त्यावर होणारे बोलणेच उपयोगाचे असते.

तिसरी पायरी: रात्रीचा खरा दर काढणे

विक्रेता टेबलावर कागद ओढून घेतो आणि कॅल्क्युलेटरवर एक भागाकार करून दाखवतो. समजा, करासह सदस्यत्वाची किंमत ५,००,००० रुपये आहे. पंचवीस वर्षे गुणिले सात रात्री म्हणजे १७५ रात्री, म्हणून एका रात्रीला फक्त २,८५७ रुपये. मग तो आजचा हॉटेलचा दर ७,००० लिहितो, त्याच्याखाली पंचवीस वर्षांनंतरचा फुगलेला दर लिहितो आणि दोन्हींमधल्या फरकाभोवती गोल काढतो. या कागदावर तीन गोष्टी नसतात.

पहिली, वार्षिक देखभाल शुल्क. आपण त्या वर्षी गेलो किंवा न गेलो, तरी ते भरावे लागते, त्यावर जीएसटी लागतो आणि ते महागाईनुसार वाढते. उदाहरणापुरते ते करासह २२,००० रुपये धरले, तर सात रात्रींना विभागून रात्रीचे ३,१४३ रुपये तिथेच होतात. दुसरी, आज एकरकमी दिलेल्या पाच लाखांवर मिळू शकले असते ते व्याज. तिसरी, न वापरलेल्या रात्री.

तिन्ही गोष्टी धरणारा एक सोपा ठोकताळा देतो. मुदत ठेवीचे व्याज सात टक्के आणि हॉटेलचे दर व देखभाल शुल्क यांची वाढ वर्षाला सहा टक्के धरली, तर पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वाचा आजच्या पैशांतला वार्षिक खर्च म्हणजे सदस्यत्वाच्या किमतीचे सुमारे पाच टक्के अधिक या वर्षीचे देखभाल शुल्क. आपल्या उदाहरणात ते २५,००० अधिक २२,००० म्हणजे ४७,००० रुपये होतात. आता या रकमेला, आपण एरवी ज्या हॉटेलात उतरलो असतो त्याच्या आजच्या दराने भागावे. आपण ७,००० रुपयांच्या खोलीत उतरत असू, तर ४७,००० भागिले ७,००० म्हणजे ६.७. दर वर्षी सरासरी पावणेसात रात्री वापरल्या, तेव्हा कुठे बरोबरी होते, आणि मिळणार आहेत एकूण सातच. आपण १०,००० रुपयांच्या खोलीत उतरणारे असू, तर ४.७ रात्रींत बरोबरी होते आणि सदस्यत्व विचार करण्याजोगे ठरते. आणि आपले नेहमीचे हॉटेल ५,००० रुपयांचे असेल, तर उत्तर ९.४ येते, म्हणजे सातच्या सात रात्री पंचवीस वर्षे न चुकता वापरल्या तरी पैसे वसूल होत नाहीत.

इथे एक चूक सहज होते. हॉटेलचा दर म्हणून विक्रेत्याने सांगितलेला दर घेऊ नये, आणि आपण कधीच उतरलो नसतो अशा पंचतारांकित हॉटेलचाही घेऊ नये. यांतल्या बऱ्याच रिसॉर्टच्या खोल्या सदस्य नसलेल्यांनाही ऑनलाइन मिळतात. आपल्याला हव्या त्या तारखा टाकून त्याच रिसॉर्टचा दर पाहावा आणि तो वापरावा. तो दर कित्येकदा टेबलावर ऐकलेल्या दरापेक्षा बराच कमी दिसतो.

सदस्यत्व हप्त्यांवर घ्यायचे असेल, तर किंमत म्हणून सर्व हप्त्यांची बेरीज धरावी. पाच लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,०९० रुपये बसतो आणि एकूण ६,१५,००० रुपयांच्या आसपास जातात. कर्ज काढून सुट्टी विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर त्याने बरोबरीचा आकडा आणखी वर जातो, आणि दुसरे म्हणजे पुढे कंपनीशी वाद झाला, तरी वित्तसंस्थेचे हप्ते चालूच राहतात आणि ते थांबवले तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतली आपली पत दाखवणारा आकडा, खाली येतो.

खोलीच्या भाड्याव्यतिरिक्तचा खर्चही विसरू नये. जेवण सदस्यत्वात धरलेले नसते. गावापासून दूर डोंगरावर असलेल्या रिसॉर्टमध्ये बाहेर जेवायला जाण्याची सोय नसेल, तर चौघांचे दिवसाचे बिल सहज चार-पाच हजारांवर जाते, आणि सात दिवसांत ही रक्कम वार्षिक शुल्काहून मोठी होते. गणपतीपुळे किंवा तारकर्लीला घरगुती खानावळीत सोलकढी आणि मासे खाऊन येणाऱ्या कुटुंबाला हा फरक फार जाणवतो. खोलीत छोटे स्वयंपाकघर आहे का, तिथे खरोखर स्वयंपाक करू देतात का आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणता येतात का, हे विचारावे.

चौथी पायरी: उपलब्धता आपल्या डोळ्यांनी पाहणे

करारात ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द हमखास असतो, आणि सदस्यांच्या बहुतेक तक्रारी त्याच शब्दापाशी येऊन थांबतात. आपल्याला मे महिन्यात मोकळीक असते तशी ती पुण्या-मुंबईच्या इतर हजारो सदस्यांनाही असते, आणि महाबळेश्वर, लोणावळा किंवा गोव्यातील खोल्या मोजक्याच असतात.

यासाठी ओळखीतला एखादा सदस्य शोधावा. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी किंवा कार्यालयातले सहकारी यांच्यापैकी कोणी ना कोणी असतोच. त्याच्याजवळ बसून त्याच्या मोबाइलवर कंपनीचे ॲप उघडायला लावावे आणि तीन शोध करून पाहावेत: मे महिन्याचा दुसरा आठवडा, दिवाळीच्या पाडव्यानंतरचे चार दिवस, आणि एखादा शुक्रवार ते रविवार. ठिकाणे घरापासून गाडीने पाच-सहा तासांत गाठता येतील अशी टाकावीत. पडद्यावर काय येते ते नीट पाहावे. जवळची ठिकाणे भरलेली आणि मोकळ्या खोल्या लांबच्या राज्यांत, असे चित्र असेल, तर आपल्या हिशोबात चौघांच्या विमान किंवा रेल्वे तिकिटांचा खर्च धरावा लागेल. त्या सदस्याला हेही विचारावे की हवी ती खोली मिळवण्यासाठी तो किती महिने आधी बुकिंग करतो.

आगाऊ बुकिंगची रेल्वेशी सांगड घालणेही अवघड आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तर चांगल्या रिसॉर्टमधील सुट्टीतल्या खोल्या त्याच्या कितीतरी आधी भरतात. म्हणजे खोली आधी धरावी लागते आणि तिकीट मिळेल की नाही हे नंतर कळते. तिकीट न मिळाल्यास खोली रद्द करताना किती रात्री कापल्या जातात, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

परदेशी अदलाबदलीचे आकर्षणही याच निकषावर तपासावे. १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आरसीआयसारख्या संस्थांमार्फत आपला आठवडा देऊन दुसऱ्या देशातील रिसॉर्टमध्ये आठवडा मागता येतो. सोय खरी आहे, पण त्यासाठी वेगळे शुल्क पडते, आपल्या आठवड्याच्या मोलाइतकेच समोरचे मिळते आणि तेही उपलब्ध असेल तरच. विमान आणि व्हिसाचा खर्च तर आपलाच.

पाचवी पायरी: करार घरी आणून वाचणे

युरोपीय संघातील देशांत २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरच्या ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे पैसे परत मिळण्याची मुदत कंपनीने करारात लिहिली असेल तेवढीच असते, आणि ती कधी मोजायला सुरुवात होते (पैसे भरल्यापासून की करार हातात पडल्यापासून) हेही तिथेच पाहावे लागते. म्हणूनच कराराचा कोरा नमुना आधी मागावा. ‘तो सही झाल्यावर ईमेलने येतो’ असे उत्तर मिळाले, तर तिथेच थांबावे.

वाचताना वार्षिक शुल्क वाढवण्याचे सूत्र काय आहे आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, ते आधी शोधावे. शुल्क थकले तर किती व्याज लागते, न वापरलेल्या रात्री किती वर्षे पुढे नेता येतात, मुदतीआधी बाहेर पडल्यास किती रक्कम कापली जाते आणि सदस्यत्व दुसऱ्याच्या नावे करण्याचे शुल्क किती, हे प्रश्न त्यानंतरचे. यादीतील किती रिसॉर्ट कंपनीच्या मालकीचे आहेत आणि किती भाडेपट्ट्यावर किंवा कराराने घेतलेले आहेत, तेही विचारावे, कारण भाडेपट्टा संपला की ते ठिकाण यादीतून जाते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, आणि पंचवीस वर्षांचा व्यवहार करताना तो चाळण्याइतका वेळ काढायलाच हवा.

तोंडी आश्वासनांना काडीची किंमत नसते. ‘दर वर्षी दोन विमान तिकिटे मोफत’, ‘तीन वर्षांनी आम्हीच परत विकत घेऊ’, ‘वार्षिक शुल्क कायमचे माफ’ असे काही सांगितले गेले असेल, तर त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर ‘आज आपल्या प्रतिनिधींनी पुढील गोष्टी सांगितल्या, कृपया लेखी दुजोरा द्यावा’ असे पत्र पाठवावे. दुजोरा आला तर तो पुरावा होतो. आला नाही, तर ते आश्वासन नव्हतेच असे समजून हिशोब पुन्हा करावा.

सादरीकरणाला जायचेच असेल तर

जायला हरकत नाही, मात्र क्रेडिट कार्ड, चेकबुक आणि आधार-पॅनच्या प्रती घरी ठेवून जावे, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणत्याही कारणासाठी सांगू नये. मोठ्याने लावलेले संगीत, शेजारच्या टेबलावर कोणी सही केली की वाजणाऱ्या टाळ्या, आपण नको म्हटल्यावर येणारे ‘मॅनेजर साहेब’ आणि त्यांनी खास आपल्यासाठी कमी केलेली किंमत हा तिथला नित्यक्रम आहे. किंमत ज्या सहजतेने खाली येते, त्यावरून मूळ आकडा किती फुगवलेला होता हे कळते. ‘आजच्यापुरतीच सवलत’ ऐकल्यावर एकच वाक्य पुरे: ‘आम्ही करार घरी वाचून सात दिवसांनी कळवू.’ मोफत व्हाउचरवरचा बारीक मजकूरही वाचावा. त्यात प्रोसेसिंग फी, गर्दीचा हंगाम वगळण्याची अट आणि थोड्या महिन्यांची मुदत बहुधा असते.

सहावी पायरी: त्याच पैशांत दुसरे काय होते, ते पाहणे

आपल्या उदाहरणातील वार्षिक ४७,००० रुपये म्हणजे महिन्याला सुमारे ३,९०० रुपये. तेवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते केवळ सहलीसाठी उघडले, तर दर वर्षी तेवढाच पैसा हाताशी येतो, ठिकाण व तारीख आपण ठरवतो, आणि एखाद्या वर्षी जाणे झाले नाही तर पैसे बुडत नाहीत. एमटीडीसीची (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची) निवासस्थाने महाबळेश्वर, माथेरान, भंडारदरा, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी मोक्याच्या जागी आहेत, आणि गोव्यात तिथल्या पर्यटन महामंडळाच्या रेसिडेन्सी आहेत. बँका, एलआयसी आणि सरकारी खात्यांत नोकरी करणाऱ्यांनी आपल्या संस्थेच्या हॉलिडे होमची चौकशी केली नसेल, तर आधी ती करावी. सदस्यत्वच हवे असेल, तर पंचवीसऐवजी तीन किंवा दहा वर्षांच्या योजनाही बाजारात आलेल्या आहेत. पहिल्यांदाच घेणाऱ्याने त्यांच्याकडे आधी पाहावे.

पूर्ण मुदतीचे सदस्यत्व कोणाला लाभते, हेही सांगायला हवे. जे कुटुंब आजही दर वर्षी सहा-सात रात्री चांगल्या, महाग हॉटेलात काढते, ज्यांच्याकडे आजी-आजोबांसह सगळ्यांना एका छताखाली स्वतंत्र बेडरूम आणि दिवाणखाना हवा असतो, जे सहा-आठ महिने आधी तारखा ठरवू शकतात आणि ज्यांना पूर्ण रक्कम कर्जाशिवाय देता येते, त्यांना ते लाभते. निवृत्त दांपत्यांना जुलै किंवा सप्टेंबरमध्ये जाता येत असल्याने स्वस्त हंगामाचा फायदा खऱ्या अर्थाने त्यांनाच होतो, पण त्यांनी मुदत छोटी निवडावी.

सही आधीच झाली असेल तर

करारात लिहिलेली पैसे परत मिळण्याची मुदत पहिल्या दिवसापासून मोजावी आणि ती संपण्यापूर्वी रद्द करण्याचे पत्र ईमेलने व स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी पाठवावे. फोनवर ‘नोंद घेतली’ असे सांगितले गेले, तरी त्यावर थांबू नये. कर्ज घेतले असेल, तर त्याच पत्राची प्रत वित्तसंस्थेलाही द्यावी आणि कर्ज रद्द झाल्याचे लेखी मागावे.

कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे ‘न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर’ या कलमाला घाबरून गप्प बसू नये. करारात लवादाचे (वाद खासगी पंचासमोरच सोडवण्याचे) कलम असले, तरी त्याने ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कंपनीच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’वर वर्षे घालवू नयेत.

सदस्यत्व विकून मोकळे व्हायचा विचार असेल, तर दिलेल्या किमतीच्या जवळपासही रक्कम येणार नाही, हे धरून चालावे. जाहिरात टाकली की ‘ग्राहक तयार आहे, फक्त एनओसीचे (ना हरकत प्रमाणपत्राचे) किंवा जीएसटीचे वीस हजार आधी भरा’ असे फोन येऊ लागतात. असे पैसे कोणालाही भरू नयेत. हस्तांतराचे शुल्क भरायचे ते मूळ कंपनीकडेच, तिच्याकडून लेखी आकडा घेऊन आणि खरेदीदाराला समोर बसवून.